सुगत तायडेचं गप्प बसणं

बुकित बातोकला खोब्रागडे मावशींच्या फ्लॅटमध्ये आम्ही काही मराठी बौद्ध कुटुंबं रविवारी सकाळी वंदनेला जमायचो. मावशी मुलाकडे राहायला सिंगापूरला आल्या आणि महिन्याभरात त्यांनी हे सुरू केलं. सोफा भिंतीला सरकवायचा, चटया अंथरायच्या, मेणबत्त्या लावायच्या. मावशी पुढे बसून एकेक शील सांगायच्या आणि मागून आम्ही सगळे म्हणायचो. सुगत तायडे पहिल्यांदा आला तो दोन हजारच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी, अशाच एका रविवारी. चार शीलं त्याने खणखणीत आवाजात म्हटली आणि पाचव्याला तो गप्प बसला.

पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. त्याचा आवाज इतका भारी होता की तो थांबल्यावर खोलीतलं कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. वंदना संपल्यावर मावशींनी काळजीने विचारलं, "घसा बसला का रे बाळा?"

"नाही मावशी. काल लॅबमधल्या लोकांबरोबर बिअर घेतली. पुढच्या शनिवारीही घेईन बहुतेक. मग कसं म्हणू?"

स्वयंपाकघरात कोणीतरी हसू दाबलं. मावशींचा मुलगा उगाच मेणबत्ती सरळ करायला लागला. मी स्वतः शुक्रवारी रॅफल्स प्लेसला बँकेतल्या मित्रांबरोबर बसून आलो होतो आणि पाचवं शील मावशींच्या खालोखाल मोठ्याने म्हटलं होतं. त्या दिवशी मला वरणभात गोड लागला नाही. पण मला एरवीही फारसं काही गोड लागत नाही. प्रत्येक गोष्टीत आपली काहीतरी चूक असणार असं धरूनच मी चालतो. सुगत पुढे मला म्हणायचा, "दादा, उद्या आभाळ गळलं तरी तुम्ही म्हणाल, मीच खिळा नीट मारला नव्हता."

तो अकोल्याचा. बुटका, मनगटं जाड, केस तेलाने चोपून बसवलेले. पाच-सहा वर्षं बांधकामावर इंजिनिअर म्हणून काढून, बायको-मुलीला घेऊन तो इथे पीएचडी करायला आला होता. मी त्याच विद्यापीठाचा जुना विद्यार्थी, आणि तेव्हा त्याच काँक्रीटच्या लॅबमध्ये संशोधक म्हणून नोकरीला. त्यामुळे लॅबमध्ये मी त्याचा 'सर' आणि लॅबबाहेर 'दादा'. यात त्याची कधी गल्लत झाली नाही.

वंदनेला तो न चुकता यायचा आणि पाचव्या शीलाला कधी म्हणायचा, कधी गप्प बसायचा. त्याचे शनिवार कसे गेले हे त्यामुळे सगळ्यांना आपोआप कळे. मावशींना सुरुवातीला ते आवडलं नाही. "अरे, सगळे म्हणतात ना," त्या म्हणाल्या.

"सगळे पाळत असतील मावशी."

मावशींनी एकवार आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि विषय सोडून दिला. नंतर नंतर त्यांनाच त्याची गंमत वाटू लागली. "काल कोरडा गेला वाटतं," असं म्हणून त्या त्याच्या पानात एक भाकरी जास्त वाढायच्या.

बोललेलं पाळायचं, आणि पाळणार नाही ते बोलायचं नाही, एवढाच त्याचा नियम होता. ऐकायला सोपा वाटतो. पण त्याच्याबरोबर राहिल्यावर कळायचं की आपण दिवसभरात किती गोष्टी नुसत्या तोंडातून सोडून देत असतो. कोणी म्हणालं, "या ना एकदा घरी," तर आपण म्हणतो, "नक्की येऊ." सुगत म्हणायचा, "या महिन्यात नाही जमणार." बोलावणाऱ्याचा चेहरा पडायचा, कारण त्यानेही ते नुसतं बोलवायचं म्हणून बोलावलेलं असायचं. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो. तो 'जातो' म्हणायचा. मावशी प्रत्येक वेळी दारातून ओरडायच्या, "जातो म्हणू नये रे! येतो म्हणावं!" तो चपला घालत शांतपणे सांगायचा, "पुढच्या रविवारी येईन मावशी. आत्ता जातोय."

त्याची बायको वैशाली हे सगळं जगाला ऐकवून मोकळी व्हायची. "हे मला बघायला आले होते ना, तेव्हा आईने विचारलं, पोहे कसे झालेत? हे म्हणाले, मीठ कमी आहे. आईने मला आत बोलावून सांगितलं, बाई, याला हो म्हण, हा तुला फसवणार नाही. आता आईला विचारते, फसवलं नाही ते ठीक, पण बारशाला आलेल्या लोकांसमोर सासूबाईंच्या लाडवांबद्दल खरं सांगायची काही गरज होती का?" सुगत यावर हसायचा. लाडू कडक झाले होते, हे मात्र तो तेव्हाही परत सांगायचा.

पण येईन म्हणाला की तो यायचा. एकदा चोआ चू कांगला आमच्यापैकी एकाच्या मुलाचा वाढदिवस होता. दुपारी असा पाऊस लागला की निम्म्या लोकांनी फोन करून कळवलं, जमत नाही. सुगत भिजलेल्या बुटांतून पाणी गाळत दारात उभा राहिला. हातात प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं खेळणं, आणि तेवढंच कोरडं. "येईन म्हणालो होतो ना याला," तो त्या चार वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाला. मुलाला काहीच आठवत नव्हतं.

लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे दाबयंत्रात ठेवण्याआधी तो बोटाच्या पेराने त्यांना टकटक करायचा आणि कान लावायचा. याचा शास्त्रीय उपयोग काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही. आता फुटणार आहे बिचारा, एकदा विचारून घेतो." दुपारी जेवायला आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांवर, जायचो. तिथल्या चहावाल्या आजोबांनी एकदा विचारलं, चहा कसा झालाय? त्याने सांगितलं, आज पातळ झालाय. तेव्हापासून आजोबा त्याचा चहा वेगळा करायचे आणि तो पहिला घोट घेईपर्यंत समोर उभे राहायचे.

पीएचडीच्या शेवटच्या वर्षी त्याला आमच्या ऑनर सोसायटीचं बोलावणं आलं.

विद्यापीठातल्या निवडक विद्यार्थ्यांची आणि काही प्राध्यापकांची ही संस्था. अमेरिकेतल्या पद्धतीवर चालायची: काळे झगे, मेणबत्त्या, सगळ्यांनी मिळून म्हणायची शपथ. स्वतःहून अर्ज करता येत नसे. आतल्यांनीच नाव सुचवायचं, बैठकीत चर्चा करायची. एकाने जरी हात वर करून नको म्हटलं तरी नाव गळायचं. सुगतचं नाव मी सुचवलं होतं. कोणाचाच हात वर झाला नाही. समारंभात नव्या सदस्याचं नाव सुचवणारा त्याच्या मागे उभा राहतो आणि शपथ चालू असताना त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तो हात माझा असणार होता.

हे नुसतं शोभेचं नव्हतं. आमच्या प्रोफेसरांचं नवं संशोधन केंद्र उभं राहत होतं आणि तिथे एकच जागा सुगतच्या कामाची होती. शिष्यवृत्ती संपली की त्याचा इथे राहण्याचा पास संपणार, आणि पास संपला की मैत्रीची शाळा सुटणार. मैत्री म्हणजे त्याची मुलगी, दुसरीत होती. प्रोफेसर त्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी सुगतला बोलावून सांगितलं की सदस्य असणं ही काही त्या जागेची अट नाही. पण निवड समितीतले बरेचजण सदस्य आहेत, आणि लोकांना आपला माणूस ओळखीचा वाटला की बरं असतं. प्रोफेसर भला माणूस होता. जसं होतं तसं त्यांनी सांगितलं.

सुगतने शपथेचा कागद माझ्याकडे मागितला. माझ्याकडे नव्हता. मी ती शपथ घेतली होती, पण तिच्यात काय होतं ते मला सांगता येईना. मग त्यानेच तो कुठून तरी मिळवला आणि हॉकर सेंटरमध्ये माझ्यासमोर ठेवला.

"बाकी सगळं चालतंय दादा. ज्ञानाची सेवा, सचोटी, सगळं. हे बघा." त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. कोणत्याही नावाबद्दल बैठकीत जे बोललं जाईल ते मी बाहेर कधीही, कोणालाही सांगणार नाही, असं त्यात होतं.

"मग? सगळ्या संस्थांत असतं असं."

"काहून बा?"

हे त्याचं अकोल्याचं 'का'. सिंगापुरात इतक्या वर्षांत त्याने तेवढं एक सोडलं नव्हतं.

"लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून."

"हं," तो म्हणाला. मग त्याने चहा संपवला. कप बाजूला सारून वडिलांची गोष्ट सांगितली. वडील एका खाजगी संस्थेच्या शाळेत मास्तर होते. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांत जुने तेच. बैठक झाली आणि दुसऱ्याचं नाव लागलं. आत चहा घेऊन गेलेल्या शिपायाने बाहेर येऊन एवढंच सांगितलं, "तुमचं नाव निघालं होतं मास्तर." पुढे काय झालं ते त्याला कळलं नव्हतं, कारण तो आला की आतले लोक गप्प व्हायचे.

"बाबा निवृत्त झाले तरी ते डोक्यातून गेलं नाही. लग्नात जेवायला बसले की समोरच्या पंगतीत बघायचे. हा होता त्या बैठकीत. हा बोलला असेल का? का हा? हा तर आपल्याशी चांगला वागतो, मग हाच असेल. त्या सगळ्यांनी अशीच शपथ घेतली असेल, दादा. आणि पाळली. चांगली माणसं होती."

मला जे सुचलं ते मी बोललो. "अरे, आठजण एकदम म्हणणार आहेत. त्या ओळीला नुसते ओठ हलव. वंदनेला गप्प बसतोसच ना, तसा इथेही बस. कोणाला कळणार आहे?"

"तेच ना," तो म्हणाला. "तिथं मी गप्प बसलो की मावशींना ऐकू येतं. इथं कोणालाच ऐकू येणार नाही. मग ते गप्प बसणं कसलं? ते म्हटल्यासारखंच झालं."

वैशालीला हे पटलं नाही, आणि तिचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी होतो. ती भांडी घासत होती आणि प्रत्येक वाक्याला एक भांडं आपटत होती. "एका ओळीसाठी? मुलीची शाळा, घर, सगळं एका ओळीसाठी? सासऱ्यांनी जन्मभर त्या बैठकीचा विचार केला. आता तुम्ही करा. मग मैत्री करेल."

सुगत म्हणाला, "तू म्हणतेस त्यात खोटं काही नाही."

"मला खरंखोटं नकोय. मला उत्तर हवंय."

मैत्री जमिनीवर चित्र काढत होती. ती मराठी समजायची, पण उत्तर बहुतेक इंग्रजीत द्यायची. त्या दिवशी मात्र ती दोन्ही मिसळून, इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "पप्पा, मी पण रोज सिंगापूरची प्लेज म्हणत नाही. शाळेत सगळे म्हणतात, मी नुसती उभी राहते. टीचर म्हणाली, यू नॉट सिंगापोरियन, सो नेव्हर माइंड, जस्ट स्टँड प्रॉपर्ली लाह."

सुगतने तिच्याकडे बघितलं. "सगळ्यांना दिसतं तू म्हणत नाहीस ते?"

"ऑफ कोर्स लाह. आय स्टँड इन फ्रंट. मी शॉर्ट आहे."

दुसऱ्या दिवशी सुगत मला घेऊन प्रोफेसरांकडे गेला. त्याची विनंती साधी होती. मला शेवटी, एकट्याला शपथ घेऊ द्या. मी सगळी शपथ म्हणेन, फक्त त्या ओळीला थांबेन, आणि थांबलो ते सगळ्यांना ऐकू येईल. त्यानंतर तुम्हाला मी नको असेन तर तसं सांगा.

प्रोफेसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले नाहीत. म्हणाले, "सुगत, तुझ्या एका ओळीला मी हो म्हटलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्याची दुसरी ओळ असेल. शपथ एकतर पूर्ण असते नाहीतर नसते."

"बरोबर आहे सर," सुगत म्हणाला. "मग माझी नाही."

त्याने त्यांचे आभार मानले, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि बाहेर आला. जिन्यात मी त्याला म्हणालो, चूक माझी, मीच तुझं नाव दिलं. तो थांबला. "दादा, हे तरी मला घेऊ द्या," तो म्हणाला. "सगळं तुम्हीच घेतलंत तर माझ्याकडे काय उरणार?"

समारंभाला तो आला. आमच्या लॅबमधली हुई लिंग नावाची मुलगी त्या वर्षी सदस्य होत होती, आणि तिला त्याने येईन म्हणून सांगितलं होतं. इस्त्रीचा शर्ट, शेजारी वैशाली मोरपंखी साडीत, मांडीवर मैत्री. मी सदस्यांच्या रांगेत झगा घालून बसलो होतो. माझा हात ठेवायला कोणाचा खांदा नव्हता. शपथ सुरू झाली. ती ओळ आली तेव्हा मी पहिल्यांदा ती शब्दन् शब्द ऐकली. टाळ्या झाल्या तेव्हा सर्वांत उशिरापर्यंत वाजवणारा सुगत होता. हुई लिंगने मंचावरूनच त्याला हात केला.

त्यानंतर सोसायटीची एक बैठक झाली. तीत सुगतचं नाव निघालं. मी त्या बैठकीत होतो. तिथे कोण काय बोललं, मी काय बोललो किंवा बोललो नाही, हे मी इथे लिहू शकत नाही. मी शपथ घेतलेली आहे. मला सगळं सांगून मोकळं व्हायची सवय आहे. बायकोला, मित्रांना, कधी कधी अनोळखी माणसांनाही मी माझ्या चुका ऐकवत असतो. हे एवढं मात्र कोणाला सांगता आलं नाही.

महिनाभराने नव्या केंद्रातली ती जागा दुसऱ्याला मिळाली. सुगतला पत्र आलं. त्यात आभार होते, शुभेच्छा होत्या, कारण नव्हतं. पत्र आलं त्या दुपारी तो माझ्यासमोर चहा पीत बसला होता. मला वाटलं, आता विचारेल. खरं सांगायचं तर विचारावं असंच मला वाटत होतं. त्याने विचारलं असतं तर मी शपथ तिथेच मोडली असती आणि रात्री झोपलो असतो.

तो म्हणाला, "मी तुम्हाला काही विचारणार नाही दादा. तुम्ही म्हटलेलं आहे, तुम्हाला पाळलं पाहिजे."

इतकंच. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझ्या शब्दाला माझ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त किंमत होती. मग त्याने चहावाल्या आजोबांना सांगितलं की आजचा चांगला झालाय.

सिंगापुरात त्याने आणखी दोन-तीन ठिकाणी बघितलं, जमलं नाही. शेवटी अकोल्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. मैत्रीने शाळेतल्या मैत्रिणींची चित्रं काढून ठेवली. वैशालीने घरातलं सामान आमच्यात वाटून टाकलं. तिचा प्रेशर कुकर अजून आमच्याकडे आहे. देताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "शिट्टी जरा उशिरा होते, पण होते. आमच्या घरातलं सगळंच तसं." आणि तोंड फिरवून उरलेलं सामान आवरायला लागली.

शेवटच्या रविवारी ते वंदनेला आले. नेहमीसारख्या चटया, मेणबत्त्या. सुगत माझ्या शेजारी बसला होता. मावशींनी पहिलं शील सांगितलं, दुसरं, तिसरं. चौथं असत्य न बोलण्याचं. सगळ्यांनी म्हटलं. मी म्हटलं नाही. ठरवून आलो नव्हतो, पण शब्द बाहेर पडले नाहीत. माझा आवाज त्या खोलीत मोठा होता, त्यामुळे तो थांबलेला सगळ्यांना ऐकू आला. मावशींनी डोळे उघडून बघितलं. सुगतने मान वळवली नाही. पाचवं त्याने पूर्ण म्हटलं.

जेवणं झाल्यावर मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. तेव्हा त्या इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. एक जिना उतरून जावं लागायचं. वैशाली आणि मैत्री पुढे गेल्या. जिन्याच्या वळणावर सुगत थांबला.

"दादा, आज चौथ्याला आवाज आला नाही तुमचा."

"नाही आला."

"काहून बा?" तो म्हणाला, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात त्याने हात वर केला. "नको. नका सांगू. मला ऐकू आलं तेवढं पुरे आहे."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाड मनगटाचा, सिमेंटने राठ झालेला हात. थोडा वेळ तो तसाच राहू दिला. खालून मैत्री ओरडली, "पप्पा, लिफ्ट केम ऑलरेडी! फास्ट लाह!"

तो उतरला. लिफ्टमध्ये शिरला, मैत्रीला पुढे घेतलं. दार बंद होताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "येतो, दादा."

त्या लिफ्टच्या दारांना एक अरुंद काच असायची. तिच्यातून त्याचा चेहरा दिसला, चोपून बसवलेले केस, मैत्रीचा हलणारा हात, आणि मग ते सगळं खाली सरकत गेलं. मी वर आलो तर मावशी दारात उभ्या होत्या. "गेला का? काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला ते परत सांगायला लावलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो अजून आलेला नाही. पण तो येतो म्हणाला आहे.